कॉर्नेलियन चेरी फुलते, पण फळ धरत नाही: नेमकं कुठे अडतंय ते शोधा

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड या पट्ट्यात मार्चच्या आसपास, फोर्सिथियाची पिवळी झुडपं उघडायच्याही आधी, कॉर्नेलियन चेरीचं झाड पिवळंधम्मक होतं. एकही पान नसतं, नुसता फुलोरा. घरातले सगळे खूष होतात, फोटो काढून भारतात पाठवले जातात. आणि ऑगस्टच्या अखेरीस त्याच झाडाची पानं बाजूला सारून फळ शोधावं लागतं. मिळालंच तर मूठभर. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तोच फुलोरा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा रिकाम्या फांद्या. इथली ओळखीची मराठी मंडळी मला याबद्दल सारखी विचारतात आणि प्रश्नाचा शेवट ठरलेला असतो: "खत कुठलं घालू?"

खत घालू नका. जे झाड दरवर्षी भरभरून फुलतंय, त्याला खायला कमी पडत नाहीये. अडचण फुलापासून फळापर्यंतच्या वाटेत कुठेतरी आहे आणि ती जागा सापडल्याशिवाय केलेला कुठलाही उपाय वाया जातो. नायट्रोजन जास्त झाला तर झाड पानांच्या मागे लागतं आणि फुलोराही कमी होतो. लॉनला जे खत मारतो ते झाडाच्या मुळांनाही मिळतंच, हे लक्षात असू द्या.

नावात चेरी असली तरी हे चेरीच्या कुळातलं झाड नाही, डॉगवुडच्या (शास्त्रीय नाव कॉर्नस) कुळातलं आहे. त्यामुळे चेरीसाठी सांगितलेली छाटणी आणि फवारणीची वेळापत्रकं इथे लावू नका.

आधी झाड ओळखा

ही पायरी सोपी वाटते म्हणून सगळे ओलांडून जातात आणि निम्म्या तक्रारींचं उत्तर इथेच असतं.

डॉगवुडची खूण पानात आहे. एक ताजं पान आडवं, अलगद फाडा आणि दोन्ही तुकडे हळूहळू एकमेकांपासून लांब न्या. शिरांमधून अतिशय बारीक पांढरे धागे ताणले जातात आणि खालचा तुकडा त्या धाग्यांवर हवेत लोंबकळत राहतो. शिरा पानाच्या कडेने वळत टोकाकडे गेलेल्या दिसतात. धागे दिसले की कुळ पक्कं झालं. आता या कुळातलं नेमकं कोणतं झाड ते बघायचं.

पानांआधी, छोट्या पिवळ्या फुलांचे झुबके येत असतील तर ते कॉर्नस मास, म्हणजे आपली कॉर्नेलियन चेरी, किंवा तिची पूर्वेकडची बहीण कॉर्नस ऑफिसिनॅलिस. दोघींच्या फुलांवरून फरक कळणं कठीण. ऑफिसिनॅलिस थोडी आधी फुलते, तिची साल जास्त सुटते, आणि पानाच्या मागच्या बाजूला, शिरा जिथे फुटतात त्या बेचक्यात, तपकिरी लवेचे पुंजके असतात. तिचं फळ चीनमध्ये वाळवून औषधात वापरतात. ते पिकतंही उशिरा आणि नुसतं खायला फारसं बरं लागत नाही. ऑगस्टमध्ये "फळ हिरवंच राहतं" अशी तक्रार असेल तर आधी पान उलटं करून ते पुंजके शोधा.

आणि मे महिन्यात मोठ्या चार पांढऱ्या किंवा गुलाबी पाकळ्यांनी फुलणारं झाड असेल, तर ते कॉर्नेलियन चेरी नाहीच. त्या पाकळ्याही खऱ्या पाकळ्या नव्हेत, ती फुलांखालची रंगीत पानं. खरी फुलं मधल्या बारीक गुच्छात असतात. यातलं कॉर्नस फ्लोरिडा इथलं मूळचं. त्याची लाल फळं पक्ष्यांसाठी, आपल्याला कडू. कॉर्नस कूसा जपान, कोरिया, चीनकडचं. त्याचं खडबडीत, गोल, लालसर फळ खाता येतं, आतला पिवळा गर गोड आणि मऊ असतो, साल मात्र चरचरीत लागते.

न्यू जर्सीकरांसाठी इथे एक खास गोष्ट. रटगर्स विद्यापीठात डॉ. एल्विन ऑर्टन यांनी फ्लोरिडा आणि कूसाचा संकर करून 'स्टेलर' मालिका तयार केली: अरोरा, सेलेस्टिअल, कॉन्स्टेलेशन, स्टेलर पिंक. देखणी, रोगाला दाद न देणारी झाडं, म्हणून इथल्या नव्या वसाहतींमध्ये ती खूप दिसतात. हे संकर जवळपास वांझ आहेत. फळाची वाट बघत बसलात तर जन्मभर बसाल. त्या झाडात काही बिघाड नाही, ते फुलांसाठीच केलेलं आहे.

कळी धरली होती का?

झाड कॉर्नस मासच आहे असं ठरलं की मागे जाऊन कळी बघायची. पुढच्या मार्चची फुलकळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते. पानं गळाली की नोव्हेंबरमध्ये फांदीजवळ जाऊन बघा. देठावर बसलेली गोल, फुगीर कळी फुलाची. बारीक, टोकदार, फांदीला चिकटून असलेली कळी पानाची. गोल कळ्याच दिसत नसतील तर मार्चमध्ये फुलोरा कुठून येणार?

फुलकळ्या नसण्याची कारणं थोडी आहेत. झाड दाट सावलीत आहे, किंवा लॉन कापायला येणाऱ्या माणसाने सप्टेंबरात झाडाला कुंपणासारखं चौकोनी छाटलंय. दुसरं कारण फार सर्रास दिसतं. छाटायचंच असेल तर फुलोरा सरल्यावर लगेच, एप्रिलमध्ये, आणि तेही आडवीतिडवी फांदी मुळापासून काढायची, वरचे शेंडे उडवायचे नाहीत. जून-जुलै कोरडे गेले असतील तर आठवड्यातून एकदा मुळांपर्यंत मुरेल इतकं पाणी द्या. पुढच्या वर्षीच्या कळ्या तेव्हाच ठरत असतात.

थंडीला घाबरू नका. उणे 25 अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी हे झाड सोसतं.

परागीभवन: बहुतेकांचं इथेच अडतं

फुलोरा भरपूर आणि फळ नाही, या तक्रारीत मी सगळ्यात आधी एकच विचारते: तुमच्या आसपास दुसरं कॉर्नस मास आहे का? आणि ते वेगळ्या वाणाचं आहे का?

या झाडाला स्वतःच्या परागावर फळ नीट धरत नाही. काही झाडं एकटीही थोडंफार देतात, पण दुसऱ्या वाणाचा पराग मिळाला की फरक डोळ्यांत भरतो. आता इथली गंमत बघा. नर्सरीतून आणलेलं नाव असलेलं प्रत्येक झाड हे कलम असतं. 'गोल्डन ग्लोरी'ची दोन झाडं शेजारी लावली, तरी ती एकाच झाडाच्या दोन फांद्या ठरतात. लोक मला अभिमानाने सांगतात, "आम्ही दोन लावलीत", आणि लेबल वाचलं तर दोन्हीवर एकच नाव. शिवाय गोल्डन ग्लोरी निवडली गेली तीच फुलांसाठी आणि सरळ वाढणाऱ्या बांध्यासाठी. फळासाठी तिच्या शेजारी वेगळं झाड हवं.

फळासाठी निवडलेले वाण वेगळे. कीवच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात स्वित्लाना क्लिमेन्को यांनी कित्येक दशकं या एका फळावर काम केलं. मोठ्या फळांचे एलिगंट, पायोनियर असे वाण तिथूनच अमेरिकेत आले. ऑस्ट्रियातून योलिको आला, बल्गेरियातून कझानलक. यातलं कुठलंही एक तुमच्या झाडापासून पन्नास फुटांच्या आत लावा. बीपासून वाढलेलं झाडही चालतं, कारण प्रत्येक बियाण्याचं रोप वेगळं निघतं.

अंगणात जागा नसेल तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे तुमच्याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या वाणाचं कलम बांधणं. हिवाळ्यात, झाड झोपलेलं असताना, दुसऱ्या वाणाची पेन्सिलीएवढी काडी आणायची, ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची आणि कळ्या फुगायला लागताना बांधायची. गावाकडे आंब्याचं भेट कलम किंवा पाचर कलम पाहिलेल्यांना यात नवीन काही नाही. ती फांदी फुलायला लागेपर्यंत थोडी वर्षं जातात, पण पुढे कायमची सोय होते.

दुसरा मार्ग त्याच वर्षीचा. ज्यांच्याकडे वेगळं झाड आहे, त्यांच्याकडून फुलायला आलेल्या काही फांद्या मागून आणा, पाण्याच्या बादलीत उभ्या करा आणि बादली तुमच्या झाडाखाली, शक्यतो उन्हात ठेवा. पाणी रोज बदला. मधमाश्या बादलीतल्या फुलांवर बसतात, तिथून वर जातात. आपल्या झाडाला परागच मिळत नव्हता का, हे तपासायलाही ही पद्धत चांगली. त्या वर्षी फळ धरलं तर दुसरं झाड लावायचं की नाही हा प्रश्न सुटला.

मात्र मधमाश्या हव्यात, आणि हे झाड इतक्या लवकर फुलतं की कधीकधी त्याच नसतात. साधारण 10 ते 12 अंश सेल्सिअसच्या खाली मधमाशी पोळ्याबाहेर फारशी पडत नाही. मार्चमध्ये सलग गार, पावसाळी दिवस गेले की फुलोरा तसाच सुकतो. भुंग्यांच्या राण्या आणि जमिनीत बिळं करणाऱ्या एकट्या राहणाऱ्या माश्या थंडीत जास्त धीराच्या, म्हणून अंगणाचा एखादा कोपरा पालापाचोळा न झाडता तसाच सोडा, त्या तिथे हिवाळा काढतात. फुलोऱ्यात कीटकनाशक कधीच नाही, शेजारच्या झाडावरही नाही. ऊन पडलेली दुपार गाठून मऊ ब्रशने स्वतः पराग फिरवता येतो. छोट्या झाडाला ते जमतं, मोठ्या झाडाला बादलीच बरी.

परागीभवन झालं की नाही, हे ओळखायला ऑगस्टची वाट बघू नका. फुलोरा सरल्यावर तीन-चार आठवड्यांनी एक झुबका हातात घ्या. मूळ झुबक्यात डझनावारी फुलं होती, आता त्यातली बहुतेक देठं पिवळट पडलेली असतील आणि बोट लावताच गळून येतील. ते ठीक आहे, एका झुबक्यात एक, दोन, फार तर तीन फळं धरणं हेच या झाडाचं चांगलं पीक. बघायचं ते त्या एखाद्या देठाकडे, जो हिरवा राहिलाय आणि टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढा फुगलाय. झाडभर असे दाणे असतील तर पराग पोचला. एकही नसेल तर अडचण पक्की परागाची, आणि वरचे उपाय पुढच्या मार्चसाठी आत्तापासून ठरवा.

दाणा धरला, पण जूनमध्ये गळाला

थोडी गळ नैसर्गिक आहे. झाड झेपतील तेवढीच फळं ठेवतं. पण हिरवी फळं ढिगाने पडत असतील तर पाणी बघा. वाळूमिश्रित जमीन आणि कोरडा जून असेल तर पहिला बळी फळाचा जातो. बुंध्याभोवती लाकडाच्या भुश्याचं दोन-तीन इंच आच्छादन घाला, खोडाला चिकटवून नको, वीतभर जागा सोडून. खोडाला टेकवून उभा केलेला ढीग इथे प्रत्येक गल्लीत दिसतो आणि साल कुजवून झाड मारतो.

फळ येतं, पण खाववत नाही

"फळ आलं, पण इतकं तुरट की जीभ आखडली." ही तक्रारही मला येते, आणि यात झाडाचा काही दोष नाही. कॉर्नेलियन चेरी लाल झाली म्हणजे पिकली असं होत नाही. लाल झाल्यावरही ती कच्चीच असते, कच्च्या करवंदासारखी तोंड आंबवणारी. ती गडद, जवळजवळ काळपट लाल आणि मऊ व्हावी लागते. खरं पिकलेलं फळ ओढावं लागत नाही, फांदी हलवली की आपोआप पडतं. म्हणून झाडाखाली जुनी चादर पसरा, फांद्या हलक्या हाताने हलवा आणि पडेल तेवढंच घ्या. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. पीक एकदम येत नाही, आठवडे चालतं. घरात आणून ताटात एक-दोन दिवस ठेवलं की तुरटपणा आणखी उतरतो.

आत एक लांबट, टणक बी असते आणि गर तिला घट्ट चिकटलेला असतो. बी काढत बसू नका. थोड्या पाण्यात फळं शिजवा, गाळणीवर हाताने कुस्करा, बिया वर राहतात. त्या गरात साखर घालून जॅम होतो, गूळ आणि लाल तिखट घालून आंबटगोड चटणी होते, जी थालीपीठाबरोबर अप्रतिम लागते. इराणी आणि तुर्की दुकानांत हेच फळ सुकं किंवा सरबताच्या रूपात मिळतं, तुर्कीत किझिल्जिक आणि फारसीत झोगाल अख्ते या नावाने मागा. आपल्या झाडाला फळ धरायच्या आत त्याची चव कशी असते ते तरी कळेल.

पिकायच्या सुमारास फळं रातोरात नाहीशी होत असतील तर पक्षी आणि खारी. छोट्या झाडावर जाळी घाला. मोठ्या झाडावर वाटून खायचं.

झाड तरुण आहे का?

बीपासून वाढवलेल्या झाडाला पहिलं फळ यायला सहा-सात वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. कलमाला दोन ते चार. तुमचं रोप बियाण्याचं असेल आणि अजून फुलंच तुरळक असतील तर बाकी काही तपासू नका, थांबा. हे दीर्घायुषी झाड आहे, शंभरी ओलांडलेली झाडंही फळतात. ऑस्ट्रियातलं पीलाखचं खोरं या फळावरूनच ओळखलं जातं, तिथे जुन्या झाडांची फळं आजही वेचतात आणि त्यांचा जॅम आणि मद्य बनवतात.

बी लावायची असेल तर ती लगेच उगवत नाही म्हणून कुंडी फेकू नका. तिला आधी उबेचा काळ लागतो, मग थंडीचा. बहुतेक बिया दुसऱ्या वसंतात वर येतात.

आणि पानं करपणाऱ्या डॉगवुडचं काय?

हा प्रश्न दरवर्षी जुलैत याच मंडळींकडून येतो, म्हणून इथेच सांगते. यात बहुतेक वेळा झाड कॉर्नस फ्लोरिडा असतं, आणि तीन वेगळ्या गोष्टींना सगळे एकच "करपा" म्हणतात.

पानाच्या कडा तपकिरी, कुरकुरीत आणि बाकी पान हिरवं, तेही ऐन उन्हाळ्यात: हा उन्हाचा आणि तहानेचा चटका. फ्लोरिडा हे जंगलात मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारं, उथळ मुळांचं झाड. लॉनच्या मधोमध, पश्चिमेच्या उन्हात त्याचे हाल होतात. पाणी आणि आच्छादन, एवढाच उपाय.

पानावर पांढरी पूड आणि पानं वळलेली: भुरी. झाड मरत नाही, पण थकतं. हवा खेळती ठेवा, पाणी संध्याकाळी पानांवर मारू नका.

तिसरी गोष्ट गंभीर. पानावर तपकिरी डाग, डागाला जांभळट कड, करपलेली पानं हिवाळ्यातही फांदीला लटकलेली, खालच्या फांद्या वाळत वर चाललेल्या आणि खोडावर कोवळे धुमारे फुटलेले: हा डॉगवुड अँथ्रॅक्नोज. 1970 च्या दशकाच्या शेवटी ही बुरशी न्यूयॉर्ककडे आणि पश्चिम किनाऱ्यावर दिसली आणि पुढे पूर्वेच्या जंगलांतली फ्लोरिडाची झाडं तिने भराभर संपवली. मला याचं फार वाईट वाटतं. 1912 मध्ये टोकियोने वॉशिंग्टनला चेरीची झाडं दिली, तेव्हा 1915 मध्ये अमेरिकेने परतभेट म्हणून जे झाड निवडलं ते हेच. वाळलेल्या फांद्या निरोगी लाकडापर्यंत कोरड्या हवेत कापा, पडलेली पानं गोळा करून कचऱ्यात टाका, खोडावरचे धुमारे काढा, कारण बुरशी त्यातूनच खोडात उतरते. झाड मोठं आणि लाडकं असेल तर प्रमाणित वृक्षतज्ज्ञाकडून पानं फुटताना फवारणी करून घ्या. नवीनच लावायचं असेल तर 'अपालाचियन स्प्रिंग' शोधा. मेरीलँडच्या कॅटॉक्टिन डोंगरात सगळीकडची झाडं मेली असताना जे निरोगी उभं राहिलं त्याच्यापासून तो वाण आलाय. किंवा कूसा लावा.

गवत कापायच्या दोरीच्या यंत्राने खोडाला झालेली जखम हीसुद्धा छोटी गोष्ट नाही. डॉगवुडचा खोडकिडा तिथूनच आत शिरतो. आच्छादनाचं वर्तुळ त्यासाठीही हवं.

पुण्याला नेऊ का?

सुट्टीत जाताना बी किंवा काडी बॅगेत टाकून नेण्याचा विचार बरेच जण बोलून दाखवतात. नेऊ नका. भारतात रोपं आणि लावायचं बियाणं आणायला आयात परवाना आणि पीक आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आणि नेलं तरी उपयोग नाही, कॉर्नेलियन चेरीला हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी लागते. पुणे, नाशिक, महाबळेश्वर यातलं कुठलंही ठिकाण त्यात बसत नाही.

याच कुळातलं भारतातलं झाड बघायचं असेल तर उत्तराखंडमध्ये बघा. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत कॉर्नस कॅपिटाटा रानात वाढतं, तिथे त्याला भमोरा म्हणतात आणि त्याची लाल, स्ट्रॉबेरीसारखी दिसणारी फळं पोरं वेचून खातात. ट्रेकला शरद ऋतूत गेलात तर स्थानिक माणसाला नाव घेऊन विचारा. आणि महाराष्ट्रातच राहायचं असेल तर आपला अंकोल आहे. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या वर्गीकरणात तो डॉगवुडच्याच कुळात बसतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पानं झडलेल्या फांद्यांवर त्याला सुवासिक पांढरी फुलं येतात, मग जांभळट काळी फळं, आणि त्याला ना थंडी लागते ना परवाना. वनविभागाच्या किंवा देशी झाडांच्या रोपवाटिकेत त्याचं रोप मागा, पावसाच्या सुरुवातीला लावा.